गळ्याकडे कोण बघतं?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीच्या हातचा मांडा फाटला. एक नाही, ओळीने तीन-चार. आमच्या घरात ही बातमीच होती. चोपड्याकडच्या त्या गावात कुणाकडे लग्न निघालं की खापरावर बसायला मावशीला बोलावणं ठरलेलं. कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, पुरणाचा गोळा आत घेऊन दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरू द्यायचा आणि अलगद उपड्या खापरावर टाकायचा. या सगळ्यात तिचं लक्ष हातांकडे कधी नसायचंच. तोंडाने कुणाची सून कशी, कुणाचा कापूस किती क्विंटल झाला, हे चालू असायचं. या अखाजीला मात्र ती गप्प होती. मांडा मनगटावर आला की बोटांशी थरथरायचा, मध्ये विरायचा आणि पुरण खाली चुलीत. पुरण जळाल्याचा गोड-कडवट वास घरभर. "आवंदाना गहूच धड नही," असं म्हणून ती उठली आणि सुनेला बसवलं. सगळ्यांनी मान डोलावली. गव्हाला दोष देणं सोपं होतं. मी तिच्या पाटल्यांकडे बघत होते. एरवी साबण लावल्याशिवाय न निघणाऱ्या पाटल्या तिने हात वर केला की थेट कोपराकडे घसरत होत्या.

त्या पाटल्या मला पुण्याला परतल्यावरही दिसत राहिल्या.

पण वैशाखात खान्देशात माणूस वाळतोच. पारा ४५ च्या पुढे गेलेला, दुपारी बाराला गल्ली ओस, पंख्याचा वारा अंगाला भाजतो, जेवण नको वाटतं, ताक आणि पन्ह्यावर दिवस निघतो. घाम सगळ्यांनाच येतो, झोप कुणालाच लागत नाही, ओट्यावर बाजा टाकून माणसं रात्री दोनपर्यंत कूस बदलत असतात. अशा दिवसांत एक बाई म्हणाली की मला फार उकडतं, छातीत धडधडतं, वजन उतरलंय, तर तिच्याकडे कोण वळून बघणार? मावशीने गावातल्या डॉक्टरांना सांगितलं होतं म्हणे. त्यांनी ऊन लागलंय म्हणून दोन सलाइन लावली. तीही हसून सांगायची, "ऊन कोनले लागस नही?" हाच आजार तिला पौषात झाला असता, सगळे गोधड्यांत आणि ही एकटी पंख्याखाली, तर शेजारणीनेही ओळखलं असतं की काहीतरी बिनसलंय. आमच्या उन्हाळ्याने तो आठ दिवस नाही, चांगला महिनाभर झाकून ठेवला.

खरी सुरुवात होळीच्या आठवड्यातली. मावशीच्या पोटात रात्री कळ उठली, पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात. दादाने गाडी काढली आणि पहाटे जळगाव गाठलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण स्वादुपिंड आतड्यातल्या हवेमुळे नीट दिसत नव्हतं आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले नव्हते. डॉक्टर म्हणाले, कॉन्ट्रास्टचा सीटी करून घ्या, डाय देऊन. मी तेव्हा योगायोगाने भुसावळला होते, तशीच गेले. सीटीच्या सेंटरवर एका टेबलामागच्या मुलाने क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला, चार तासांत काही खाल्लं का विचारलं आणि संमतीचा कागद पुढे सरकवला. मग त्याने पाठ असलेले प्रश्न विचारले. दमा आहे का? शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? पूर्वी कधी डायची रिअॅक्शन? माशांची अॅलर्जी?

मावशी एवढ्या कळा सोसत होती, तरी त्या शेवटच्या प्रश्नावर उसळली. पदर बाजूला करून तिने गळ्यातली तुळशीची माळ बोटाने उचलून त्याच्यापुढे धरली. "मना गळामा माळ शे!" मुलगा ओशाळून हसला आणि त्याने 'नाही'वर खूण केली. आम्हीही हसलो. ती माळ जिथे टेकते तिथेच, जरा उजवीकडे, तिच्या गळ्याला सुपारीएवढा उंचवटा आहे. माझ्या आठवणीत तो कायमच होता. लहानपणी तिच्या मांडीवर झोपले की ती आवंढा गिळताना तो वर-खाली व्हायचा आणि मी त्याच्यावर बोट ठेवायची. दुखत नाही, वाढत नाही, म्हणून कुणी दाखवला नाही. त्या दिवशी माळ सगळ्यांनी पाहिली.

माशांच्या प्रश्नाचं मी पुढे बरंच वाचलं आणि रागच आला. कोळंबी-खेकड्यांची अॅलर्जी असते ती त्यांच्यातल्या एका प्रथिनाची. डायमध्ये आयोडीन असतं, पण या अॅलर्जीचा आयोडीनशी काही संबंध नाही, आणि डायच्या रिअॅक्शनशीही खास नाही. तरी तो प्रश्न जगभरच्या कागदांवर अनेक वर्षं चिकटून बसलाय, तापी काठच्या माळकरी बाईलाही विचारला जातो. आणि ज्या अवयवाचं सगळं काम आयोडीनवर चालतं त्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती. सगळीकडेच नसते असं नाही. काही ठिकाणी थायरॉइड विचारतात. मावशीला विचारला नाही, एवढंच मला माहीत आहे. आणि विचारला असता तरी ती 'नाही'च म्हणाली असती, कारण गळ्याला गाठ आहे म्हणजे आपल्याला थायरॉइड आहे असं तिच्या लेखी नव्हतंच. थायरॉइड हा शहरातल्या जाड बायकांना होणारा आजार.

डाय आत जाताना कसं वाटलं ते ती नंतर रंगवून सांगायची. हातात जाड सुई, तिला जोडलेली लांब नळी, सगळे खोलीबाहेर गेलेले आणि यंत्रातून हिंदीत एक बाई सांगते, साँस लो, रोको. तेवढ्यात गळ्यातून उष्णता उतरते, तोंडात लोखंड चघळल्याची चव येते आणि ती गरमी पोटातून थेट खाली जाते. "माले वाटनं, लुगडं वलं व्हयनं!" हे सांगताना ती स्वतःच पोट धरून हसायची. सगळा प्रकार मिनिटाभराचा. पाणी भरपूर प्या म्हणाले, अर्धा तास बाहेर बसवलं, पुरळ उठलं नाही, श्वास लागला नाही, सुई काढली. झालं. त्या चित्रांत पित्तनलिकेतला खडा आणि सुजलेलं स्वादुपिंड स्वच्छ दिसलं, दुर्बिणीतून खडा निघाला, आठवड्यात मावशी घरी. ती डाय नसती तर काय झालं असतं याचा विचारही नको. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी उद्या सीटीच्या टेबलावरून उठून जाऊ नये, म्हणून हे आधीच सांगते. पित्ताशय काढायचं ऑपरेशन मात्र लगेच करून घ्या असं सांगूनही घरच्यांनी पुढे ढकललं. हरभरा निघायचाय, मग अखाजी आहे, मग बघू.

त्या बाटलीत काय होतं ते सांगते. मला आकडेमोडीची खोड आहे. माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षं जगलात तर आयुष्यभराचं मिळून चार ग्रॅमही होत नाही, चमचाभरसुद्धा नाही. सीटीच्या डायमध्ये एका मिलिलिटरला तीनशे ते साडेतीनशे मिलिग्रॅम आयोडीन असतं. शंभर मिली दिली तर झालं ३० ते ३५ ग्रॅम. म्हणजे आठ-नऊ जन्मांचं आयोडीन एका मिनिटात शिरेतून आत. आयोडीनच का, तर त्याचा अणू जड, एक्स-रे अडवतो, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या उमटतात. यातलं जवळजवळ सगळं रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि मूत्रपिंड चांगली असतील तर एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. त्याचं थायरॉइडला काही देणंघेणं नाही. पण थोडं मोकळं आयोडीन असतंच, एका डोसमागे साधारण तेरा मिलिग्रॅम धरतात. ऐकायला किरकोळ, पण थायरॉइडच्या हिशेबाने ती तीन महिन्यांची शिधासामग्री आहे, आणि अंगातलं आयोडीन पूर्वपदावर यायला महिना-दोन महिने जातात.

चांगल्या थायरॉइडला असा लोंढा सांभाळता येतो. धुळ्याकडे पांझरेच्या काठावर फडाची बागायत होती, अजून काही गावांत आहे. पाटात पाणी जास्त आलं की पाटकरी जाऊन बारं बंद करायचा, कुणाच्या फडात किती सोडायचं ते तो ठरवायचा. थायरॉइडमध्येही असा पाटकरी आहे. आयोडीन फार झालं की ग्रंथी काही दिवस हार्मोन बनवणंच थांबवते आणि मग हळूहळू कामाला लागते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं, त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखतात. काहींची ग्रंथी थांबते ती थांबतेच, विशेषतः पूर्वी थायरॉइडला सूज येऊन गेलेली असली तर. मग थकवा, सुस्ती, अंगावर सूज. तान्ह्या बाळांत हा पाटकरी अजून शिकाऊ असतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांगितलं की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना डाय दिली तर तीन आठवड्यांच्या आत त्यांचं थायरॉइड तपासा. आणि मावशीसारख्यांचं उलट. जुन्या गाठीतला काही भाग वरच्या हुकमाला जुमानत नाही, त्याला फक्त आयोडीन कमी म्हणून इतकी वर्षं गप्प बसावं लागलेलं असतं. लोंढा आला की तो सुटतो, हार्मोन बनवत सुटतो. हे व्हायला आठवडे लागतात, दोन ते बारा. होळी ते अखाजी.

ही गोष्टही नवी नाही. जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरने १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली. गाठी लहान झाल्या, कौतुक झालं, आणि लगोलग काही रुग्णांची छाती धडधडायला लागली, ती वाळायला लागली. क्ष-किरणांचा शोध लागायच्या पाऊणशे वर्षं आधीची ही नोंद.

मावशीच्या गळ्याशी ती गाठ आली कुठून, याचं उत्तर तिच्या माहेरात असावं असं मला वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. डोंगरातून पावसाचं पाणी मातीतलं आयोडीन धुऊन नेतं, मग त्या मातीतल्या ज्वारीत नाही, भाजीत नाही, विहिरीच्या पाण्यातही नाही. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आजीकडे मीठ यायचं ते खड्यांचं, गोणीतून, मडक्यात भरून ठेवलेलं, पावसाळ्यात पाझरणारं. आठवड्याच्या बाजारात डोंगरातून येणाऱ्या बायकांत गळा सुजलेली एखादी दिसायचीच, आणि कुणी तिच्याकडे वळून पाहत नसे. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, त्या कामातून तो उभा राहिला. पण मावशीच्या चुलीपर्यंत पुड्यातलं मीठ पोचेस्तोवर ती आजी व्हायला आली होती. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर देशभर पक्की बंदी आली ती २००६ ला. तोवर तिच्या गळ्याने आपली सोय लावून घेतली होती.

ओळखलं कुणी, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी.

अखाजीनंतर पुन्हा पोटात दुखलं तेव्हा कुठे दादा तिला ऑपरेशनसाठी घेऊन गेला. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला आले. त्यांचं कामच नळी घालायचं, म्हणून ते तोंड उघडायला लावतात, मान मागे करायला लावतात, गळा चाचपतात. त्यांनी माळ वर सरकवली आणि बोट तिथेच थांबवलं. मग तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद थडथडत होता. नाडी एकशे तीसच्या पुढे आणि लय चुकलेली. "हिचा डायचा सीटी कधी झाला होता?" त्यांनी दादाला विचारलं. दादा म्हणतो, मी गोंधळलो, पोटाच्या ऑपरेशनला आलोय आणि हे हात काय बघतायत. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला मेंदूकडून येणारा हुकूम, आला ०.०१, जवळजवळ शून्य, कारण ग्रंथी आधीच बेसुमार हार्मोन बनवत होती. ऑपरेशन रद्द. तशा अवस्थेत भूल दिली असती तर थायरॉइडचं वादळ उठून जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. मावशीला एवढंच म्हणाले, आजी, आधी हे घोडं आवरू, मग पोट बघू.

त्या डॉक्टरांबद्दल आमच्या घरात देवासारखं बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांचं ज्ञान जेवढं मोठं वाटतं त्याहून त्यांची जागा महत्त्वाची वाटते. पोटाच्या डॉक्टरांनी पोट पाहिलं, उत्तम पाहिलं. सीटीवाल्यांनी मूत्रपिंड आणि अॅलर्जी विचारली, म्हणजे त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या दोन दिवसांत जे बिघडू शकतं ते. गावातल्या डॉक्टरांसमोर मे महिन्यात घामाघूम बाई आली, त्यांनी ऊन म्हटलं. कुणी आपलं काम टाळलं नाही. पण होळी ते अखाजी हा जो काळ होता तो कुणाच्याच खात्यात नव्हता. सीटीची फिल्म एका पिशवीत, डिस्चार्जचा कागद दुसऱ्या, सलाइनची चिठ्ठी तर कुठेच नाही. डिस्चार्ज कार्डावर 'सीटी अॅब्डोमेन' एवढं होतं, डाय दिल्याचा उल्लेख फिल्मबरोबरच्या रिपोर्टात, बारीक इंग्रजी अक्षरात. युरोपातल्या थायरॉइड तज्ज्ञांनी २०२१ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याही सरसकट प्रत्येकाला तपासा म्हणत नाहीत, आणि ते पटतं. रोज इतके सीटी होतात, बहुतेकांना काहीही होत नाही. जोखीम असलेले हेरा, एवढंच त्यांचं म्हणणं. वयस्क, जुनी गाठ, आयोडीन कमी असलेला मुलूख. हे सगळं मावशीच्या बाबतीत गळ्याकडे एकदा पाहून कळण्यासारखं होतं, त्याला ना रिपोर्ट लागतो ना पैसा. माझी तक्रार असेल तर ती एवढीच आहे, आणि ती कुणा एकावर टाकता येत नाही म्हणून जास्त टोचते.

पुढचे महिने थायरॉइडचं हार्मोन बनणं रोखणाऱ्या कार्बिमॅझोलचे आणि धडधड आवरायच्या गोळ्यांचे. औषध लगेच लागू पडत नाही, कारण ग्रंथीत हार्मोन आधीच भरून ठेवलेलं असतं, ते संपावं लागतं. किरणोत्सर्गी आयोडीनचा स्कॅन करू का असं दादाने कुठूनसं ऐकून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही, ग्रंथी इतकी तृप्त आहे की ते घेणारच नाही. गळ्याची सोनोग्राफी केली, गाठी एक नाही, बारीकसारीक चार निघाल्या, त्यातली एकही वाईट वाटत नव्हती. दर काही आठवड्यांनी रक्त. मावशी वैतागायची, "आते कितला रगत काढतस!" पण श्रावणातल्या कानबाईच्या रोटांपर्यंत तिची नाडी जागेवर आली, जिभेला चव आली आणि ती पुन्हा गल्लीतल्या सगळ्यांची खबर ठेवायला लागली. मला फोनवर तिच्या आवाजातूनच कळलं, बोलताना मध्ये श्वास घ्यायला थांबत नव्हती. दसऱ्यानंतर पित्ताशय निघालं. कार्बिमॅझोल हळूहळू कमी करत बंद झालं. पुन्हा कधी सीटी लागला तर? करायचाच, डॉक्टर म्हणाले, फक्त आधी सांगायचं, आधी टीएसएच बघायचा आणि नंतर महिना-दीड महिन्याने परत. एमआरआयमधल्या डायमध्ये आयोडीन नसतं हेही तेव्हाच कळलं.

दादाने आता सगळे कागद एका फायलीत लावलेत, वर जाड मार्करने 'गळ्याला जुनी गाठ, डाय द्यायच्या आधी विचारा' असं मराठीत लिहिलंय. गंमत म्हणजे गावात या सगळ्याचं सार भलतंच निघालं. मावशीला आयोडीन बाधलं, म्हणजे पुड्यातलं मीठ वाईट! दोन-तीन घरांनी पुन्हा खड्याचं मीठ आणायला सुरुवात केली. समोरच्या काकूंनी तर मावशीलाही आपुलकीने पिशवीभर आणून दिलं. मी फोनवरून हिशेब सांगत बसले की दिवसभराच्या मिठात लागतं तेवढंच आयोडीन असतं, त्या डोसातल्या मोकळ्या आयोडीनइतकं मिठातून यायला तीन महिने जातील, डॉक्टरांनी तिलाही घरचंच मीठ खायला सांगितलंय. माझं कोण ऐकतं. पण दादाच्या सुनेला तेव्हा चौथा महिना लागला होता, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं, गरोदरपणी तर जास्तच, हे मावशीने तपासणीला सोबत गेली असताना स्वतःच्या कानांनी डॉक्टरांकडून ऐकलं होतं. काकूंना ती काही बोलली नाही, पिशवी ठेवून घेतली, चहाही पाजला. आणि संध्याकाळी ते मीठ बैलांच्या गव्हाणीत टाकलं.